कृष्णाकाठ, वाई ते हरिपूर: कुठे उतरायचं आणि कुठे नुसतं बघायचं?

वाळुंज (धागाकर्ता)

साताऱ्यात पाहुणे आले की कास, ठोसेघर, सज्जनगड आणि वेळ उरला तर महाबळेश्वर. ठरलेलं आहे. या गडबडीत जिच्या काठी ही सगळी गावं वसली ती कृष्णा महामार्गाच्या पुलावरून गाडीच्या काचेतून दिसते, तेवढीच. एखादी आजी हात जोडते, नाणं टाकते, आणि गाडी पुढे जाते.

थंडीत तुकड्यातुकड्याने काठाकाठाने फिरायचं असं आमच्या चौघांच्या मनात आहे. पायी, सायकलने, जमेल तिथे एसटीने. सलग परिक्रमा वगैरे नाही. पक्षी, मासे, दगड, देवळं, काठचं खाणं, जे दिसेल ते बघायचं. वरच्या अंगाची मला बऱ्यापैकी माहिती आहे, खालची नाही. म्हणून आधी मी माझं लिहितो, मग तुम्ही भर घाला.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडतं ते पाणी पाच नद्यांचं मानतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्र गाठते. कृष्णा त्या समुद्राकडे पाठ करते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत तिचा त्यातला थोडासाच भाग येतो, पण तेवढ्यात ती तीन-चार वेळा स्वभाव बदलते. जोरच्या खोऱ्यात ती डोंगरी ओढ्यासारखी आहे. तिथे बलकवडी आणि त्याखाली धोम अशी दोन धरणं तिला अडवतात. धोमच्या पाण्याच्या कडेने कमळगडाच्या पायथ्याशी गेलात की डिसेंबरनंतर पाणी उतरू लागतं आणि उघड्या पडलेल्या हिरव्या पट्ट्यांवर चक्रवाकांच्या जोड्या चरताना दिसतात. नारिंगी रंगाचे ते पाहुणे हिमालयापलीकडून येतात आणि सगळ्यांत आधी माणसाची चाहूल तेच घेतात. टिटवीही त्यांच्यापुढे उशिरा ओरडते.

इथे पाण्यात पाय सोडून बसायला काही हरकत नाही. कडा मात्र बघून घ्या, गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातो.

वाईच्या खाली काय काय बघावं? आणि मुख्य म्हणजे पाण्यात कुठे उतरावं?

मेणवलीची_लेक

वाईचं मी सांगते. ढोल्या गणपतीला सगळे समोरून नमस्कार करतात आणि घाटावर फोटो काढून जातात. जरा देवळाच्या मागच्या बाजूला जा. ती भिंत सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे. पुराचं पाणी भिंतीवर आदळू नये, दोन्ही बाजूंनी फाकून जावं म्हणून. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. ज्याने ती भिंत आखली त्याने कृष्णेचे किती पावसाळे काठावर बसून बघितले असतील, असं मला दर वेळी वाटतं. हल्ली नदीला चिकटून बांधकाम करणाऱ्यांना तिथे एकदा उभं करायला हवं.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि अर्धचंद्राकृती घाट. तिथल्या देवळापुढची मोठी घंटा पोर्तुगीज आहे, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची. शूटिंग चालू असेल तर घाटावर जाऊ देत नाहीत, हे आधी विचारून घ्या.

पक्ष्यांसाठी मेणवलीहून धोमकडे जाणारा काठ सकाळी चांगला. वाळुंज (झाड म्हणतेय, धागाकर्ता नाही 😀), करंज, उंबर अशी जुनी झाडं अजून उभी आहेत. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगड टाकल्यासारखा खाली पडतो, ते बघायला पोरांना घेऊन जा.

माघाच्या सुमाराला आलात तर कृष्णाबाईचा उत्सव असतो. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, असा एकेका घाटाचा पाळीपाळीने. प्रसादाला थांबा, आग्रह होतो.

पाण्यात उतरायचं म्हणाल तर गावाच्या वर उतरा, खाली नको. कारण सगळ्यांना माहीत आहे.

दोन_चाकं

वाखू (वाचनखूण) साठवली.

सायकलवाल्यांसाठी एकच सांगतो. थंडी म्हणजे गळीत हंगाम. कराडच्या खाली, वाळवा, पलूस, तासगाव भागात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. मगर, पूर यांवर पुढे प्रतिसाद येतीलच, पण या रस्त्यावर मला भीती वाटते ती ट्रॉलीची.

दिवसा मात्र नदीकाठच्या गावांतले आतले रस्ते सुंदर आहेत. लिंबजवळची बारा मोटेची विहीर बघून गोव्याला कोटेश्वराच्या देवळापाशी नदीवर जा (गोवे गाव हो, समुद्राचं गोवा नाही). तिथून माहुली. माहुलीला वेण्णा मिळते. रामशास्त्री प्रभुणे इथलेच. काठावरच्या देवळांचा दगड आणि नदीच्या पात्रातला दगड एकच, आपला काळा बेसाल्ट. हात फिरवला की कळतं, देवळातला गुळगुळीत माणसांनी केला आणि पात्रातला पाण्याने.

कराडकर_कट्टा

प्रीतिसंगमाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? बाकीच्या संगमांत एक नदी दुसरीला कडेने येऊन मिळते. इथे कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर येतात, गळाभेट घेतात आणि मग काटकोनात वळून पूर्वेला जातात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. संध्याकाळी अख्खं कराड तिथे असतं, भेळ, पोरं, फुगे. शांतता हवी असेल तर पहाटे या.

उतरण्याबद्दल: संगमावर आम्ही पोहायला शिकलो, आमचे वडीलही तिथेच शिकले. तरीही बाहेरच्यांनी उतरू नये असंच म्हणेन. कारण कोयना. उन्हाळ्यात नदी शांत दिसते, पण कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून सिंचनासाठी पाणी सोडतात. एक युनिट चालू असेल तर १०५० क्युसेक, दोन असतील तर २१००. सकाळी कोरडा असलेला खडक दुपारी बुडलेला असतो. पाणी सोडणार ते पेपरात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर येतं, पण फिरायला आलेल्याने तो फळा बघितलेला नसतो. आणि वरून आलेलं पाणी गार असतं, पायात गोळे येतात.

अवांतर: कोयनेचं बरंचसं पाणी वीज करून पश्चिमेला, चिपळूणकडे वाशिष्ठीत जातं हे अनेकांना माहीत नसतं. १०५ टीएमसीचं धरण, पण सगळं काही कराडकडे येत नाही. पावसाळ्यात मात्र जे येतं ते पुरेसं असतं, सांगलीकरांना विचारा.

होडीवाला_नवा

मी पुण्याचा, मूळ गाव तासगावकडे. माझ्याकडे हवा भरायची कयाक आहे. भिलवडी घाटावर उतरून संथ पाण्यात वल्हवत सांगलीपर्यंत यावं असा विचार आहे. नकाशावर बघितलं, नदी छान वळणं घेते, धबधबा नाही, खडक नाही. एका दिवसात होईल का? परवानगी कुणाची लागते?

औदुंबर_फाटा

पाहुणं, कयाक पुण्यातच र्‍हाऊ द्या.

मी अंकलखोपचा. घरापासून नदी चालत पाच मिनटं. तुम्हाला नकाशात जे संथ पाणी दिसलं त्यात मगरी हायेत. एखाद-दुसरी न्हाई. भिलवडी, औदुंबर, आमणापूर, ब्रह्मनाळ, डिग्रज, या सगळ्या पट्ट्यात. थंडीत दहा-अकरा वाजता ऊन तापलं की पलीकडच्या काठावर येऊन पडतात. जबडा उघडा टाकून. नव्या माणसाला वाटतं लाकडाचा ओंडका वाहून आलाय.

आमच्याकडं माणसं गेल्यात. धुणं धुताना, जनावरं पाण्यावर नेताना, पवताना. नाव घेत न्हाई कुणाचं, त्यांची घरं इथंच हायेत. हवेच्या होडीत बसून तुम्ही पाण्यापासून किती वर असणार? वीतभर.

तरी बघायचं असेल तर येवा. औदुंबरला दत्ताचं दर्शन घ्या. नृसिंह सरस्वतींनी तिथं चातुर्मास केला म्हणतात. पलीकडं भुवनेश्वरीच्या देवळाला नाव जाते, नावाडी इथलेच, त्यांना कुठं काय असतंय ते ठावं. त्यांच्या नावेतनं जेवढं दिसल तेवढं बघा. मोठी दुर्बीण असंल तर भिलवडीच्या घाटावर वरच्या पायरीवर बसा. वरच्या म्हणतोय. खालच्या पायरीवर पाय सोडून फोटो काढायचा न्हाई.

सांगलवाडी_एक्सप्रेस

अहो फाटा, घाबरवू नका हो माणसाला इतकं. आम्ही आयर्विन पुलावरून सूर मारून मोठे झालो. १९२९ चा पूल, आमच्या आजोबांनीही त्यावरनं उड्या टाकल्या असतील. पाणी चढलं की पोरं पुलावर जमतात, वर बघ्यांची गर्दी, पोलीस येतात, पोरं पळतात, पोलीस गेले की परत येतात. श्रावणात होड्यांच्या शर्यती, काठावर हजारो माणसं, हलगी, शिट्ट्या. सांगलीकराला नदीपासून लांब ठेवणं कुणाला जमलेलं नाही. पूर आला की गुऱ्हाळाची काहिल पाण्यात सोडून दोन माणसं शेतावर जाऊन येतात, हे बघितलंय का कुणी बाहेरच्याने? गूळ उकळायची ती एवढी मोठी लोखंडी कढई, तीत बसून वल्हवतात, ती गोल गोल फिरते, तरी बरोबर काठाला लागते.

कयाक नको हे मान्य. पण नदीला भिऊन कसं चालेल?

औदुंबर_फाटा

भ्यायचं कोण म्हणलं. आमच्या आईनं जन्मभर तिच्यातच पाणी भरलं. ओळखून र्‍हायचं म्हणतोय. तुमच्या पुलाखाली माणसांचा एवढा गोंगाट असतोय की मगर तिथं दिवसा थांबत न्हाई. हिथं गोंगाट न्हाई.

पाणथळ

मी जीवशास्त्र शिकवतो, कृष्णाकाठच्याच एका कॉलेजात. दोघांचंही बरोबर आहे, फक्त थोडी भर घालतो, कारण मगरीबद्दल फार अर्धवट बोललं जातं.

आपल्याकडची ती मगर म्हणजे दलदली मगर, रुंद तोंडाची. सुसर नव्हे, सुसरीचं तोंड लांब आणि निमुळतं, ती गंगा-चंबळकडे. लोक 'सुसर आली' म्हणतात ते सवयीने. जबडा उघडा ठेवून पडणं ही धमकी नसते. अंग तापल्यावर तोंडातून उष्णता बाहेर टाकायची ती पद्धत आहे. जमिनीवर ती माणसामागे धावत सुटत नाही. धोका पाण्याच्या कडेला, जिथे ती दिसत नाही आणि आपण वाकलेले असतो.

आता काळ सांगतो, कारण फिरणाऱ्याने काळ बघावा. हिवाळ्याच्या अखेरीपासून मीलन आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अंडी. काठाच्या मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा करून वीस-पंचवीस ते तीस अंडी घालते आणि बुजवून टाकते. पिल्लांत नर किती आणि मादी किती हे त्या खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. पावसाच्या आगेमागे पिल्लं आतून आवाज करतात, मादी येऊन खड्डा उकरते आणि तोंडात धरून पाण्यात सोडते. या सगळ्या काळात ती आपल्या जागेबाबत कडक असते. नेमका हाच उन्हाळा आपल्याकडे पोरांच्या सुट्टीचा, पोहायचा, आणि नदी आटून डोहांपुरती उरण्याचा. माणूस आणि मगर दोघंही त्याच डोहावर येतात.

मग मगर इथेच का, वाईला का नाही? माझं मत सांगतो. वरच्या अंगाला पात्र खडकाळ आहे. कराडच्या खाली उतार अगदी कमी होतो, नदी गाळाच्या खोल मातीतून नागमोडी जाते, काठ मऊ आहेत, बीळ करता येतं. त्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की बर्गे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घालतात आणि मागे मैलोन्‌मैल खोल पाणी उभं राहतं, ते उन्हाळ्यापर्यंत. मगरीला आणखी काय हवं?

बंधाऱ्याचाच विषय निघालाय तर, कयाकवाल्यांनी हेही ऐका. बर्ग्यांच्या फटीतून पाणी जिथे जोराने खाली पडतं तिथे भोवरा असतो आणि वरच्या बाजूला ओढ असते. बाहेरून काहीच दिसत नाही. चांगले पोहणारे तिथे अडकले आहेत. माझ्या मते या नदीत मगरीपेक्षा बंधारा जास्त फसवा आहे, फक्त तो वर्तमानपत्रात फोटोला चांगला दिसत नाही.

मिरज_जंक्शन

मग त्या मगरी पकडून कुठेतरी नेऊन सोडत का नाहीत? माणसं महत्त्वाची की प्राणी? इथे पर्यावरणवाले येऊन शिकवतात, पण त्यांच्या घरचं कुणी पाण्यावर जात नाही.

पाणथळ

@मिरज_जंक्शन, राग समजू शकतो. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. गावात, विहिरीत, उसात आलेली मगर वनखातं पकडून नेतं, ते नेहमी चालू असतं. पण नदीतली सगळी उचलून न्यायची म्हटली तर नेणार कुठे? शिवाय मोठी मगर आपली जागा सोडत नाही, लांब सोडली तरी परत यायचा प्रयत्न करते. ती काढली तर त्याच जागेवर दुसरी येते.

उपाय साधे आहेत आणि महाग नाहीत. पाणवठ्याला जाळीचं कुंपण, धुण्यासाठी काठावर नळ, मोटारीचा पाइप दुरुस्त करायला एकट्याने पाण्यात न उतरणं, आणि मेलेली कोंबडी, मटणाचा टाकाऊ माल नदीत न टाकणं. शेवटचं तर फुकट आहे. आपणच तिला काठावर यायची सवय लावतो.

औदुंबर_फाटा

शेवटच्या ओळीला +१. चिकनवाल्यांचं पोतं पुलावरनं सरळ नदीत. मग मगर आली म्हणून बोंब.

मेणवलीची_लेक

वर मी 'गावाच्या खाली उतरू नका' असं आडून म्हटलं त्याला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून थेट विचारते. खाली पाण्याचा वास येतो का अजून? मागे सांगलीत मेलेले मासे बघितले होते, ते डोक्यातून जात नाहीत.

सांगलवाडी_एक्सप्रेस

येतो. हंगामात साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी सुटतं, वर शहरांचं सांडपाणी. एका सकाळी पाणी चहासारखं होतं आणि मासे तोंड वर काढून काठाला येतात. वांब, मरळ, शिंगाळा, सगळे. लोक पोत्यात भरून नेतात, खायला नको सांगितलं तरी. मग दोन दिवस बातम्या, पंचनामा, नमुने, नोटीस. कुणी सोडलं ते सगळ्यांना माहीत, कागदावर कुणालाच नाही.

पाणथळ

मळीत सेंद्रिय माल प्रचंड असतो. तो कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. वर तोंड काढून हवा घेणारे मासे, म्हणजे मरळीसारखे, थोडे टिकतात. बाकीचे जातात. ज्या दिवशी मरळ मेलेली दिसेल त्या दिवशी पाणी फारच वाईट आहे असं समजा.

पण नुसतं रडगाणं नको. नदी सुरय हा पक्षी अजून आहे. राखी पाठ, काळी टोपी, पिवळी धमक चोच, शेपटी दुभंगलेली. पात्रातल्या वाळूच्या बेटावर नाहीतर उघड्या खडकावर उन्हाळ्यात अंडी घालतो, घरटं असं काही नाही, उथळ खळगा. वाळू उपशाने ती बेटं गेली आणि अवेळी पाणी सोडलं की उरलेली अंडी वाहून जातात. मऊ पाठीचं कासवही याच वाळूवर अवलंबून. ती मोठी, चपटी, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं असतं. दिसलं तर उचलू नका, चावतं, आणि फोटो टाकताना जागा सांगू नका. गिऱ्हाईक असतं त्याला.

बार-हेडेड म्हणजे पट्टकादंब हंस बघायचे असतील तर नदी सोडून जरा पूर्वेला, येरळेच्या खोऱ्यात जा. मायणी आणि येरळवाडीचे तलाव. रोहितही (फ्लेमिंगो) येतात, पाणी उथळ असेल त्या वर्षी. दुष्काळी खटाव तालुक्यात गुलाबी पक्ष्यांचा थवा! हीच येरळा पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते.

होडीवाला_नवा

ठीक आहे. कयाक घरी. 🙏 मग होडीत बसायची हौस कुठे भागवू?

वाळुंज (धागाकर्ता)

बामणोलीला. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. बामणोली किंवा तापोळ्याहून बोट मिळते, कांदाटी-सोळशीच्या संगमाकडे नेतात. वासोटा किल्ला करायचा असेल तर बोटीने पलीकडे उतरून जंगलातून चढ, वनखात्याची परवानगी घेऊन. प्लास्टिक मोजून नेतात आणि परत मोजतात, आणि ते उत्तम करतात. पावसाळ्यात बंद. वेळेत परत यावं लागतं, बोटवाला थांबत नाही. जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर त्या बोटीत बसू नका.

हळदीचं_पेव

उशिरा आलो धाग्यावर. हरिपूरचा शेवट मी करतो.

सांगलीतून हरिपूरचा रस्ता दोन्ही बाजूंनी चिंचेच्या झाडांचा. टोकाला संगमेश्वराचं देऊळ आणि वारणा-कृष्णा संगम. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन नद्यांचे दोन रंग स्पष्ट दिसतात, आणि बऱ्याच अंतरापर्यंत शेजारी शेजारी वाहतात. पारावर बसून भडंग खा, बघत बसा.

हरिपूरची पेवं म्हणजे जमिनीत खोल खोदलेली कोठारं, आत पोटाला फुगीर आणि तोंडाला लहान. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, रंग उतरायचा नाही. कारण इथली माती. नदीने हजारो वर्षं आणून घातलेला तो थर, त्याला पाझर नाही. त्या मातीवर सांगलीची हळदपेठ उभी राहिली आणि २००५ च्या पुराने त्याच पेवांत पाणी भरलं. बरीच पेवं तेव्हापासून गेली. आता गोदामं, शीतगृहं. एखादं जुनं पेव दाखवा म्हणालात तर गावातली म्हातारी माणसं दाखवतात. आत उतरू नका, कोंडलेल्या हवेत गुदमरायला होतं. पूर्वी उघडल्यावर आधी कंदील सोडून बघायचे.

पुराचं: आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेली. २०२१ लाही ५० ओलांडली. सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की 'जेवला का' नंतर 'किती फूट?' विचारतात. त्या दोन महिन्यांत फिरायला म्हणून काठावर येऊ नका. आम्हाला तुम्हाला सांभाळायला वेळ नसतो, आणि २०१९ च्या पुरात माणसं घेऊन निघालेली ब्रह्मनाळची बोट उलटली, ती अजून विसरलेलो नाही.

दोन_चाकं

खाण्याचं कुणीच बोलेना. कृष्णाकाठची वांगी! थंडीत डिग्रजकडच्या नदीकाठच्या गाळाच्या रानातली. पांढरट हिरवी, काटेरी. भरीत करा नाहीतर शेंगदाण्याचं कूट घालून भरून करा, सोबत ज्वारीची भाकरी. बाहेरगावी नेलेल्या रोपाला ती चव येत नाही असं बागायतदार सांगतात.

कराडकर_कट्टा

कराडला वांगी वाईट मिळतात असं सुचवायचंय का? 😤

दोन_चाकं

मी काहीच सुचवलेलं नाही.

वाळुंज (धागाकर्ता)

धागा वांग्यावर भांडण्याआधी एक विचारतो. आमच्यात एक आठ वर्षांचा मुलगा आहे. खालच्या पट्ट्यात त्याला दिवसभर पाण्यापासून लांब ठेवून नदीही दाखवता येईल अशी जागा?

पाणथळ

सागरेश्वर. नि:संशय. देवराष्ट्राजवळचं अभयारण्य, जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. उघड्या बोडक्या डोंगरावर माणसांनी लावलेलं रान आहे ते. धों. म. मोहित्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, १९८५ ला अभयारण्य झालं. चितळ, सांबर, काळवीट दिसतात, मोर तर रस्त्यात येतात. वर किर्लोस्कर पॉइंटला उभं राहिलं की खाली उसाच्या हिरव्यात कृष्णेची वळणं दिसतात. नदी इतकी वळणं का घेते हे पोराला वर्गात समजणार नाही, तिथे एका नजरेत समजेल. डोंगराच्या पायथ्याशी जुन्या शिवालयांचा समूह आहे, तोही बघा. हरणांना खायला घालू देऊ नका त्याला.

औदुंबर_फाटा

आणि पोराला मगर बघायची असंल तर भिलवडी घाट, जानेवारी, सकाळी दहानंतर, वरच्या पायरीवरनं. मी असतोय. पोराचा हात मात्र तुमच्या हातात पाहिजे.

वाळुंज (धागाकर्ता)

येणार. गाडी नको, साताऱ्याहून रेल्वेने यायचा विचार आहे. मिरज लाइनवर कुठे उतरू?

औदुंबर_फाटा

सागरेश्वराला ताकारी नाहीतर किर्लोस्करवाडी, एक्सप्रेस किर्लोस्करवाडीला थांबतात काही. आमच्याकडं यायचं तर भिलवडी, पण स्टेशन गावापासनं लांब हाय आणि तिथं पॅसेंजरच थांबते. उतरल्यावर वडापची, शिटा भरून जाणारी जीप मिळते. न्हाई मिळाली तर हिथं टाका, मोटरसायकल घेऊन येतो, पोराला पुढं बसवतो.